ओढ्यापाशी थांबलेला रस्ता

अगं पोरींनो, पत्र वाचायला जरा निवांत बसा. सासरी गेलात आणि पत्रातून मलाच विचारता, "मावशी, रस्ता झाला म्हणे, मग एसटी गावात का येत नाही?" विचारायला काय जातंय. माहेरी आल्या असतात तर दिसलं असतं. आता ऐका. त्याच एसटीसाठी मी आणि रशिदा नगरला जाऊन आलो.

रशिदा म्हणजे आपल्या मुलाण्याची. दुष्काळी कामावर माझ्याच टोळीत खडी फोडते. हा रस्ता आम्हीच केला. इकडून आमची टोळी, तिकडून शेजारच्या गावची. मधला ओढा ही शीव. शिवेपलीकडे दुसऱ्याच्या हद्दीत फावडं टाकायचं नाही, ही आपली जुनी रीत. आम्ही ओढ्यापर्यंत येऊन थांबलो, त्याही थांबल्या. दोन्ही टोळ्यांच्या कागदावर 'काम पूर्ण' लागलं, आणि वर ऑफिसात दोन पूर्ण जोडून अख्खा रस्ताच पूर्ण झाला. ओढा कुणाच्याच वाट्याला आला नाही. दोन पुरुष खोल दरड ती. बैलगाडी कशीबशी उतरते, एसटी कशी उतरणार? गेल्या महिन्यात एक अडलेली बाई आम्ही झोळीत घालून त्यातून वर चढवली. तेव्हाच ठरवलं, आता आपणच जायचं.

सोनईपर्यंत पायी, तिथून नगरची गाडी. घोडेगावला मोठा रस्ता लागला आणि रशिदा खिडकीला चिकटली. कारखान्याकडे जाणारे नवे फाटे, रोलर, डांबराची पिंपं. मुळेच्या पाटाचं पाणी येणार, म्हणून उसाच्या आधी उसाचे रस्ते निघालेत.

"उसाला बगा कसा मान हाय," रशिदा म्हणाली. "बाईनं ऊस हून जल्माला यावं."

इमामपूरच्या घाटात गाडी तापली. कंडक्टर आमच्याकडेच आला. "मावशी, पानी हाय का?"

रशिदानं फिरकीचा तांब्या त्याच्या हातात दिला. "पाजा गाडीला. आमाला काय, सवय हाय."

गाडी निवेपर्यंत रस्त्याकडेला बसून आम्ही मिलोची (रेशनवरची तांबडी परदेशी ज्वारी) भाकर आणि ठेचा खाल्ला. पाण्यावाचून ठेचा खाऊन बघा एकदा. डोंगर खरवडल्यासारखे उघडे होते आणि खाली उतारावर माणसंच माणसं, पाट्या घेऊन. जिकडे बघावं तिकडे रस्त्याचं काम. त्यातले किती असे ओढ्यापाशी थांबलेत, कोण जाणे.

नगरात बांधकामाचं ऑफिस सापडेपर्यंत दुपार झाली. साहेब तरुण, बोलायला मऊ. भिंतीवर मोठा नकाशा. प्रौढांच्या वर्गात शिकलेली माझी अक्षरं तिथं उपयोगी पडली, बोटानं गाव शोधलं. गावापर्यंत अखंड तांबडी रेघ.

"साहेब, आमचा वढा कंचा ह्यातला?"

"ही निळी रेघ, आजी."

"मग तांबडी तिच्यावरनं गेली कशी? आमी तर न्हाई नेली."

साहेब हसले. म्हणाले, दुष्काळाचा पैसा मजुरीचा. त्यातून माती पडते, खडी पडते. सिमेंट आणि नळे त्यात बसत नाहीत. मोरी (छोटा पूल) हवी तर आराखड्यातून मंजुरी पाहिजे. आणि आराखड्यात तर हा रस्ता पूर्ण आहे, पूर्ण रस्त्याला पुन्हा पैसा मिळत नाही. "शिवाय ओढ्याला सध्या पाणी तरी कुठंय?"

"पाऊस कायमचा बंद झाल्याचा कागद आलाय व्हय तुमच्याकडं?" रशिदानं विचारलं. कोपऱ्यात एक चष्मेवाला म्हातारा नकाशे काढत होता, तो उगाच खोकला.

"अपुरा लिवा," मी म्हटलं.

"वर काय सांगू?"

"सांगा, दोन बाया बसल्यात, उठत न्हाईत. आमच्या हातचं काम अपुरं हाय, ते आमीच सांगतोय. तुमाला काय अडचन?"

आणि बसलोच आम्ही, फरशीवर, नकाशाखाली. शिपायानं दोनदा उठवून बघितलं. शेवटी साहेबांनी लेखी अर्ज मागितला. त्यांना वाटलं असेल, ह्यांना कुठं लिहिता येतंय. मी तिथंच लिहिला: 'आमचा रस्ता ओढ्यापाशी संपतो. शिवेच्या रीतीने आम्ही थांबलो, ती चूक आमची. न बघता पूर्ण लिहिले, ती तुमची.'

साहेबांनी दोनदा वाचला. या खेपेला हसले नाहीत. म्हाताऱ्याला हाक मारली. त्यानं ब्लेड घेऊन ओढ्यावरची तांबडी रेघ हलकेच खरवडली आणि फुंकर मारून भुगा उडवला. नखाएवढी जागा कोरी झाली. रस्ता अपूर्णच्या यादीत चढला, अर्जावर शिक्का बसला. मंजुरी कधी, ते मात्र साहेबांनाही सांगता येईना.

परतीच्या गाडीत रशिदा म्हणाली, "दिस मोडला आन् काय आनलं? नकाशाला भोक."

"तेच आनाया गेल्तो की," मी म्हटलं.

पोरींनो, रस्ते पैशानं होतात हे खरं. पण एकदा पूर्ण म्हटलेल्या जागेकडे पैसा वळून बघत नाही. म्हणून अपुऱ्याला अपुरं म्हणायला कुणीतरी जाऊन बसावंच लागतं. मंजुरी आली नाही तर पुन्हा जाऊ, या वेळी दोन्ही टोळ्या. आता शीव आम्ही मोडलीच आहे. बाजाराच्या सुट्टीला दोन्ही गावच्या बाया मिळून दरडीला उतार घालतोय, मोरीचे दगड काठावर रचून ठेवतोय. सिमेंट सरकारनं आणायचं.

आणि 'मोरी झाली की येऊ' असं मला लिहू नका. लेकरं घेऊन लवकर या. पलीकडच्या काठावरून हाक मारा, आम्ही उतरून घ्यायला येतो.