स्टेनवरला दुग्लेग म्हणू नका

आमच्या खाडीकाठी कुणी स्टेनवरला 'दुग्लेग' म्हटलं की तिच्या कपाळाची शीर ताडताड उडते. तसा शब्द कौतुकाचा. दुग्लेग म्हणजे कामसू, उद्योगी. पण आम्ही तो मिठासारखा कशातही टाकतो. पोरानं ताटातला मासा संपवला, दुग्लेग. म्हाताऱ्यानं कडू औषध गिळलं, दुग्लेग. नवऱ्याच्या दफनाला स्टेनवर रडली नाही, तेव्हा तर अख्खं चर्च रांगेनं येऊन तिच्या कानात तेच पुटपुटून गेलं. आणि या कौतुकापायी महिला मंडळाची सगळी कामं तिच्या गळ्यात. दर्यावर्दी दिनाच्या कॉफीपानाला गोड क्लेनूर तळायच्या, त्या तिनंच. परातीच्या पराती!

यंदा मात्र त्याच आठवड्यात बाईला बहिणीबरोबर तेनेरीफ बेटावर जाऊन उन्हात लोळायचं होतं. जन्मात पहिल्यांदा. तिकीट काढून झालेलं. आता मंडळाच्या तावडीतून सुटायचं कसं?

आधी तिनं आळशी व्हायचं ठरवलं. भर दुपारी पडदे उघडे टाकून सोफ्यावर पसरली. बघू दे गावाला! शेजारची स्वानबोर्ग खिडकीतून डोकावली.

"अगं बाई, चक्क आराम करतेयस! किती दुग्लेग!"

स्टेनवरनं भिरकावलेली उशी काचेवर आपटली.

मग पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम कुंडात मंडळातल्या सगळ्या गळ्यापर्यंत बुडून बसल्या असताना मंडळाची अध्यक्ष योदिस म्हणाली, "क्लेनूर तुझ्याकडेच ना गं?"

"नाही. मी तेनेरीफला चाललेय."

मग योदिसचा चेहरा उजळला. "तोंडावर नाही म्हणालीस! किती दुग्लेग!" सगळ्यांनी ओल्या हातांनी टाळ्या पिटल्या. "आणि जायच्या आधी तळून ठेवल्यास तरी चालतील हो. तुझ्यासारखीला काय, एका सकाळचं काम."

स्टेनवरनं दातओठ खाल्ले. या बायांपुढे डोकं फोडून घेतलं असतं, तर त्यालाही त्यांनी दुग्लेग म्हटलं असतं! एकाएकी तिनं वळून स्वानबोर्गच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाताळात हिनं केलेल्या क्लेनूर खाल्ल्यात का गं कुणी? जिभेवर विरघळत होत्या. स्वानबोर्ग, तू म्हणजे भलतीच दुग्लेग!"

"खरंच की! दुग्लेग!" कुंडभर एकच गजर.

"अगं, पण माझी कंबर..."

"आणि कंबर दुखत असताना!" योदिसला गहिवरून आलं.