गाठीने खूण टाकली

मुरबे गावच्या रंभाबाई तांडेल बोईसरच्या बाजारात सुके बोंबील विकतात. एकसष्टाव्या वर्षी त्यांच्या मानेत गाठी आल्या. मुंबईच्या डॉक्टरबाईंनी लिम्फोमा सांगितला, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. बळवंतभावजींनी थंडीच्या गाठी सांगितल्या. बळवंत हे रंभाबाईंचे धाकटे दीर. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं नटबोल्ट देऊन निवृत्त झालेले. त्यामुळे विज्ञानाच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा.

केमो आणि त्यासोबत अँटिबॉडीचं सलाईन, असं सहा वेळा झालं. गाठी विरल्या. त्याचं श्रेय बळवंतांनी आपल्या काढ्याला दिलं. त्यानंतर नवव्या महिन्यात गाठ परत आली. तिचं श्रेय मात्र त्यांनी सलाईनला दिलं.

घरात बैठक बसली. औषध वाटेत गरम झालं असणार, असं बळवंतांचं मत पडलं. ते नकलीच होतं, असं म्हणत मुलगा भाग्येश मोबाइलवर तक्रार लिहू लागला. माहीमच्या नणंदेला नजर लागल्याची खात्री होती. रंभाबाई तिथेच जवळा निवडत बसल्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

डॉक्टरबाईंचं म्हणणं एवढंच होतं, की नव्या गाठीचा तुकडा काढून पुन्हा तपासू. त्याला सगळ्यांचा विरोध. सुई लावली की आजार पसरतो, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. शिवाय पहिला रिपोर्ट बळवंतांनी लॅमिनेट करून ठेवला होता. एवढा पक्का कागद असताना दुसरा कशाला?

मग एका सकाळी मनोरला बारशाला जातो, असं सांगून रंभाबाई सून मोनालीला घेऊन थेट मुंबईला गेल्या. तुकडा दिला. आठवड्याने रिपोर्ट घ्यायला दोघी पुन्हा गेल्या, तेव्हा डॉक्टरबाईंनी समोर बसवून समजावलं. पेशीच्या अंगावर एक खूण असते. सलाईनमधली अँटिबॉडी ती शोधते, तिला चिकटते आणि शरीरातल्या लढणाऱ्या पेशींना तिथे बोलावते. खूण असलेल्या पेशी मेल्या. पण थोड्यांच्या अंगावरून ती खूण नाहीशी झाली होती. त्या वाचल्या आणि वाढल्या.

"म्हंजे औषद खोटा नवता," रंभाबाई म्हणाल्या. "ज्याला मारायचा, तोच त्याला वळकू आला नाय."

"बरोबर."

"मंग दुसरी कुठली खूण हाय का त्याच्यावर?"

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पुन्हा उघडला. बैठकीतल्या कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. दुसरी खूण होती, आणि तिच्यावरचं औषधही होतं.

"तीपण टाकेल तो?"

"टाकू शकतो. खात्री देत नाही."

"टाकूंदे. टाकेपर्यंत तरी तिच्यावरनं सोदू त्याला."

घरी कळल्यावर सर्वांत जास्त लागलं ते बळवंतांना. स्टोअरमधल्या वस्तूचा नंबर जन्मभर तोच राहतो, पेशीचा कसा बदलेल, असं त्यांनी दोन दिवस सर्वांना विचारलं. भाग्येशने तक्रार पुसून टाकली. कुणाविरुद्ध करायची, तेच कळेना.

नव्या औषधाच्या पहिल्या डोसला रंभाबाईंना सडकून ताप भरला. दात वाजू लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्या घाबरल्या, आणि त्यांनी मोनालीचा हात दोन दिवस सोडला नाही. पुढचे डोस सोपे गेले. महिन्याभरात गाठ चाचपून शोधावी लागू लागली आणि मग सापडेनाशी झाली. याला आता चौदा महिने झाले. दर तीन महिन्यांनी त्या तपासून येतात. डॉक्टरबाई अजून 'बरं झालं' म्हणत नाहीत, आणि रंभाबाईही म्हणवून घेत नाहीत.

गावात या विषयाचे जाणकार आता बळवंत आहेत. खुणेचं महत्त्व ते पारावर बसून समजावतात. परवा त्यांनी चौघांना बाह्या वर करायला लावून दंडावरची देवीच्या लशीची खूण शाबूत आहे ना, ते पाहिलं. रंभाबाई तिथून चालल्या होत्या. त्यांनाही थांबवलं. त्यांनी टोपली उतरवून दंड दाखवला, ती पुन्हा डोक्यावर घेतली आणि बोईसरची गाडी पकडली.