चंद्रावर माणूस उतरेपर्यंत

माणूस चंद्रावर उतरावा म्हणून, ज्यांनी तो उतरवला त्यांच्यापेक्षाही जास्त कोणी तळमळलं असेल, तर तो आमच्या लोणावळ्याच्या रेल्वे चाळीतला गार्ड. रशिया-अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना फार तर नोकरीची काळजी असेल. याचं लग्न अडलं होतं! हसू नका, खरं सांगतोय. मी पार्सल ऑफिसात होतो, भिंतीला भिंत लागून आमच्या खोल्या, आणि ज्या सकाळी हे लग्न चंद्राला टांगलं गेलं त्या सकाळी मी नळावर बादली घेऊन उभा होतो.

झालं असं की, पुण्याहून येणाऱ्या शटलवर गार्डाची ड्यूटी असायची, आणि त्याच गाडीनं तळेगावच्या एक मास्तरीणबाई कामशेतला उतरून गावातल्या शाळेत चालत जायच्या. बाई विधवा होत्या. विशीतच कुंकू पुसलं गेलेलं. दोघांचं कसं जुळलं ते त्यांनाच ठाऊक, पण एके दिवशी गार्डानं आईला सरळ सांगून टाकलं, करीन तर हिच्याशीच. त्याची आई, आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो, नवलाख उंबरे गावची खमकी बाई. ती दारात येऊन अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "मानूस चंद्रावर उतरंल, तवा ती बया ह्या उंबऱ्याच्या आत यील!" तुमच्या-आमच्यासारखा असता तर आदळआपट करून मोकळा झाला असता. हा शांतपणे म्हणाला, "ठरलं?" मावशी म्हणाली, "ठरलं!" मग आम्हा नळावरच्या मंडळींकडे वळून, "ऐकलंत ना सगळ्यांनी?" असं विचारून, हा डबा घेऊन ड्यूटीवर निघून गेला.

मावशीच्या मते विषय संपला होता. पण वर्ष उलटतंय न उलटतंय तोच रशियानं तो बीप-बीप करणारा गोळा आकाशात सोडला. चाळीत सगळ्यांना त्याचं कोण कौतुक, मावशीची भाकरी मात्र त्या दिवशी तव्यावर करपली. पाठोपाठ त्यांची एक कुत्री आकाशात गेली, तर गार्ड पेढे घेऊन आला. "कुत्री गेली म्हंजी मानूस गेला का?" मावशीनं पेढा खाल्ला, पण मुद्दा सोडला नाही. पुढे माणूसही गेला आणि पृथ्वीला फेरी मारून सुखरूप आला. "फिरून आला, उतारला न्हाई!" कोर्टात उभी केली असती तर या बाईनं भल्याभल्या वकिलांना घरी बसवलं असतं.

गार्ड मात्र कधी चिडला नाही. मुंबईचे साहेबलोक फर्स्ट क्लासमध्ये टाकून गेलेली इंग्रजी वर्तमानपत्रं गोळा करून तो पुढे कोण जाणार, कधी जाणार, किती जण जाणार, सगळं तोंडपाठ करायचा आणि आम्हाला ते रेल्वेच्याच भाषेत सांगायचा. "पुढची गाडी दोघांची आहे. पण लेट आहे, इंजिनात बिघाड." रॉकेटचे टप्पे गळून पडतात हे मावशीला पटेना, तर म्हणाला, "आये, घाटात गाडीला मागून ढकलायला इंजिन लावतात, आणि वर आली की सोडून देतात, तसंच." मावशीला ते लगेच कळलं. तिनं विचारलं, "आन् त्या गाडीला गार्ड?" यावर मात्र याचा चेहरा पडला. एवढ्या लांबच्या गाडीला मागे गार्ड नाही, ही एकच गोष्ट त्याला त्या सगळ्या प्रकारात मनापासून नापसंत होती.

आणि यांचं प्रेमप्रकरण म्हणजे काय विचारता! गाडी कामशेतला मिनिटभर थांबायची. बाई उतरून मागच्या डब्यापाशी यायच्या. हा हातात झेंडी घेऊन म्हणायचा, "पुढच्या महिन्यात एक जण यानाच्या बाहेर पडून तरंगणार आहे." बाई म्हणायच्या, "बरं." कधी हा म्हणायचा, "पुढे ढकललं." बाई म्हणायच्या, "असू दे." झालं, शिट्टी! वर्षानुवर्षं एवढंच. एकदा म्हणे बाईंनी हसत सांगितलं, "मुलं वर्गात विचारतात, बाई, माणूस कधी हो उतरणार? मी म्हटलं, तुमच्या तोंडात साखर पडो."

मला राहवेना. एकदा मी त्याला झापलं, "अरे, शहाणा की खुळा तू? पुण्याला जा, रजिस्टर लग्न कर, म्हातारी चार दिवस ओरडेल आणि गप्प बसेल." तो म्हणाला, "आईनं शब्द दिलाय. ती तो मोडणार नाही. मी तरी का मोडायला लावू?" आता याला काय बोलणार, कपाळ?

मध्ये एका वर्षी तिकडे अमेरिकेत यानाच्या चाचणीच्या वेळी आग लागून तीन जण जमिनीवरच गेले. त्या दिवशी कामशेतला यानं नुसतं वर्तमानपत्रच पुढे केलं. बाईच म्हणाल्या, "त्यांच्या घरी कसं हो असेल आज?" आणि मावशी, जिला खरं तर बरं वाटायला हवं होतं, ती माझ्या बायकोपाशी येऊन रडली. "कुनाची ल्येकरं गं ती." त्यानंतर पुढची तारीख तीच विचारायला लागली. तरी तिघं जण चंद्राला फेऱ्या मारून आले तेव्हा म्हणालीच, "परदक्षिना घातली म्हंजी गाभाऱ्यात गेला व्हय?" पण आवाजातली धार गेली होती. मावशीचे गुडघे गेले होते, गार्डाच्या डोक्यावरचे केस गेले होते, आणि बाईंना चष्मा लागला होता.

शेवटी तो दिवस उजाडला. जुलैचा पाऊस कोसळत होता, रेडिओ खरखरत होता. गार्ड ड्यूटीवर. मावशी इरलं पांघरून आमच्याकडे आली. "उतारला?"

"यान उतरलंय, मावशी. माणूस अजून आतच आहे."

"मंग बसते." पाऊल पडल्याचं मी सांगितलं तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "कामशेतला जायाचंय. तू चल संगं."

आम्ही फलाटावर उभे असताना पुण्याची शटल आली. गार्डानं गाडी थांबण्याआधीच उडी मारली आणि बाईंच्या डब्याकडे धावत सुटला, "उतरले हो बाई! चाललेसुद्धा!" आणि समोर आई. बिचारा जागच्या जागी थिजला. मावशी बाईंसमोर जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "चल घरी."

बाई म्हणाल्या, "मावशी, शाळा आहे. मुलं येऊन बसली असतील."

मी डोळेच मिटले. म्हटलं, आता भडका उडणार! पण मावशी म्हणाली, "व्हय, शाळा हाय. तू जाऊन ये. म्या हितंच बसते." आणि खरंच, शाळा सुटेपर्यंत ती म्हातारी त्या बाकावर बसून राहिली. गार्डाला गाडी घेऊन पुढे जाणं भाग होतं. एका हातानं हिरवी झेंडी हलवत आणि दुसऱ्या हातानं तोंड पुसत तो गेला. मलाही रडू आवरलं नाही, कशाला खोटं सांगू?

आषाढात मुहूर्त नव्हता. "मुहूर्त चंद्रावर झाला," असं म्हणून मावशीनं आठवड्यात लग्न उरकलं. सासू-सुनेचं इतकं गूळपीठ जमलं की गार्डाला घरात कोणी विचारेना. पण पाळणा काही हलला नाही. ते वय निघून गेलं होतं. आपलं चुकलं असं मावशी कधीच म्हणाली नाही. पुढे तिनं अंथरूण धरलं, तेव्हा एका संध्याकाळी मी बघायला गेलो होतो. सून तिची वेणी घालत होती. मावशी एकदम म्हणाली, "त्या लोकांनी जरा घाई कराया पायजे व्हती. धा वर्सं आदी उतारलं असतं, तर ह्या घरात पोरं खेळली असती."

वेणीचा पुढचा पेड घालत बाई म्हणाल्या, "त्यांना तरी काय माहीत, आई, इथं कोणी वाट बघतंय म्हणून."