हॉलमधले टायर

आमच्या शेजारच्या काकांचं दोन सीटचं जुनं विमान आहे. गवतावर उतरलं की चाकं रुततात, म्हणून त्यांनी मोठे टायर आणले. पण विमान खात्याच्या परवानगीशिवाय बसवायला तयार नाहीत. वर्षभर टायर हॉलमध्येच. काकूंनी त्यांवर गाद्या टाकल्या, आम्ही बिनधास्त बसायचो.

"लावून टाका ना, कोण बघतंय?" मी एकदा म्हणालो.

"मी बगतो ना!" काका भडकले. "विमान हाय, रिक्शा नाय."

शेवटी तपासणीचे साहेब आले. वालीवच्या शेडमध्ये ठेवलेलं विमान बघून घरी चहाला बसले आणि तिथेच मंजुरीची सही केली.

काकांनी हात जोडले. "साहेब, आता जरा उठा. तुमी बसलाय तो डावा टायर हाय."