आठ अधिक चार आणि सानियाचे सात

करमाळ्याचे लोंढे गुरुजी भेटले नसते, तर त्या दिवशी मीही आन्सर की पाहून सानियाच्या पेपरवर फुल्या मारून मोकळा झालो असतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. तिथवर मला त्यांनीच ढकलत नेलं.

कर्वेनगरातल्या आमच्या शाळेच्या गेटवर बोर्ड होता, 'दुसरीपासून अल्जिब्रा'. त्यासाठी वर्कशीट विकत यायच्या, सोबत उत्तरांची छापील की. पहिला प्रश्न: ८ + ४ = □ + ५. चौकटीत काय? अख्ख्या वर्गानं १२ लिहिले. कीमध्येही १२. एकट्या सानिया शेखनं ७ लिहिले. पुढचे सगळे प्रश्न याच जातीचे, त्यामुळे ऑफिसनं की लावून तपासल्यावर तिला भोपळा.

लहान मुलांना बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' असा हुकूम वाटतो. खरं तर ते एवढंच सांगतं, की दोन्ही बाजू सारख्या आहेत. डावीकडे बारा, तर उजवीकडेही बाराच व्हायला हवेत. मुलांकडून ही चूक होणारच. ती छापून विकायला मात्र मोठी माणसं लागतात.

सानियाला विचारलं, बेरीज कशी केलीस?

"केलीच नाही, सर. चाराच्या जागी पाच आले, एक वाढला. म्हणून आठातला एक काढला."

बेरीज न करता दोन बाजूंचं नातं ओळखणं, हाच बीजगणिताचा पाया. तो वर्गात जिला जमला, तिलाच रेमेडियलला पाठवायचं ठरलं होतं. रेमेडियल म्हणजे जिन्याखालच्या खोलीत पाढे उतरवत बसणं. तिथून वर्गात परत आलेलं मूल मी पाहिलेलं नाही.

प्रिन्सिपल मॅडमकडे गेलो, तर सानियाचे वडील तिथेच बसलेले. बुधवार पेठेत त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. संमतीची सही करायला आले होते.

मी म्हणालो, "मॅडम, बारा अधिक पाच सतरा होतात."

"अहो कदम सर, त्या पाचाकडे बघायचं कशाला? आपलं उत्तर त्याच्या आधीच आलंय."

मॅडम गणितातच एम.एस्सी. आहेत. केबिनच्या पाटीवर तसं लिहिलंय. मी कागदावर दोन्ही बाजू मांडून दाखवल्या. मॅडमना पटलं, आणि खरी अडचण तिथून सुरू झाली. बाकीच्या मुलांना पदकं वाटून झाली होती. पालकांनी फोटोही टाकले होते. आता पदकं परत मागायची कोणी?

शेखसाहेब हळूच म्हणाले, "सर, तिला बाराच लिहायला सांगा ना. वर्ग तरी सुटणार नाही."

मी नाही म्हणालो. सानियाचा भोपळा राहिला तर ही शीट एकेका पालकाला समजावून सांगीन, असंही म्हणालो.

मॅडमनी चष्मा पुसला. "मग असं करू. दोन्ही उत्तरांना मार्क."

सानिया वर्गात राहिली. मी शिकलो ते एवढंच: शाळा चुकीला उठवत नाही, तिच्या शेजारी आणखी एक खुर्ची टाकते.

रविवारी गुरुजींना पत्र टाकलं.

"तीर्थस्वरूप गुरुजींस सा. नमस्कार. आपल्या कृपेने नोकरी टिकून आहे. आमच्याकडे सध्या एकाच चौकटीत ७ही चालतात आणि १२ही. काल वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, 'सर, दोन्ही चालतात, म्हणजे सात आणि बारा सारखेच झाले ना?' तिच्या विचारात मला चूक सापडली नाही. ती मॅडमना विचारायला निघाली. मी अडवलं नाही. आपला विद्यार्थी, दत्ता कदम."