आवडाबाईच्या घड्याळाचा नंबर

दौलताबादच्या किल्ल्याखाली रस्त्याच्या कडेला आवडाबाई पेरू विकते. तीस वर्षं झाली, तिच्याशी घासाघीस करायची कुणाची टाप नाही. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणते, "राहू द्या, तुमच्या नशिबात नाय." नवरा सांडू शेतात राबला, ही पाटीवर बसली आणि दोघांनी मिळून एकुलत्या एक सत्यमला इंजिनिअर केलं. पोरगा पुण्यात नोकरीला आहे, सून राजनंदिनी गुणाची आहे. आता अशा बाईला काय दुखणं असावं? होतं. एकच होतं, पण रात्रंदिवस टोचायचं. सिल्लोडची विहीण, द्वारकाबाई.

द्वारकाबाईच्या घरी मक्याची आडत. बाई गोरीपान, बोलणं साखरेत घोळलेलं. सत्यमला "आमचे जावईबापू" म्हणायची आणि ते 'आमचे' ऐकलं की आवडाबाईच्या अंगाची नुसती लाही व्हायची. पोरगा सिल्लोडला दोन दिवस राहिला तर इथं ही दोन दिवस बोटावर मोजायची. त्यानं सासूला लुगडं घेतलं की हिनं आपल्या लुगड्याचं सूत चिमटीत धरून बघायचंच.

यंदाच्या दिवाळीला नवराबायको आले आणि राजनंदिनीनं सासूच्या हातात एक घड्याळ ठेवलं. "आई, तुमच्यासाठी." काळं, गोल, पावलं मोजणारं, छातीचे ठोके सांगणारं. आवडाबाईला आभाळ ठेंगणं झालं! पोरानं आईसाठी घड्याळ आणलं, हे दुपारच्या आत सगळ्या आळीला ठाऊक झालं. लक्ष्मीपूजनाला तिनं ते पाटावर मांडलं. काचेवर कुंकू लावलं तर वेळ दिसायची नाही, म्हणून उलटं करून पाठीला हळदकुंकवाची दोन ठसठशीत बोटं ओढली. पुजलेलं पुसायचं नसतं, म्हणून तसंच वाळू दिलं आणि पाडव्याला मनगटावर चढवलं.

पंधरा दिवसांनी नात्यातल्या एका साखरपुड्यात द्वारकाबाई भेटली. तिच्याही हातात घड्याळ! चौकोनी, सोनेरी पट्ट्याचं, कोरं करकरीत.

"जावईबापूंनी दिलं हो भाऊबीजेला," द्वारकाबाई म्हणाली. "डब्यासकट. याच सालातलं मॉडेल आहे म्हणे. हे बघा, माझे ठोके ब्याऐंशी. तुमचे किती?"

आवडाबाईनं आपल्या घड्याळावर बोट टेकवलं. बराच वेळ काहीतरी फिरलं आणि आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा आल्या. परत टेकवलं, परत रेघा.

"राहू द्या हो," द्वारकाबाई गोड हसली. "वेळ तर दाखवतं ना?"

मेलीनं डाव साधला! त्या दिवशी आवडाबाईला पंगतीतला बुंदीचा लाडू कडू लागला. हिला डबा आणि मला बिनडब्याचं. हिला चौकोनी आणि मला बंद पडलेलं. ज्या पोरासाठी उन्हात बसून कातडं करपलं, त्यानं सासूला चांगलं दिलं आणि आईला काहीतरी देऊन बोळवलं? घरी येऊन तिनं सांडूला विचारलं तर तो म्हणाला, "घड्याळ घड्याळ असतंय." त्या माणसाकडून दुसरी अपेक्षाच नव्हती.

पोराला विचारायचा धीर होईना. त्यानं खरं सांगितलं तर? मग बाईनं डोकं चालवलं. द्वारकाबाईला फोन लावून, भाच्याला तसलंच घ्यायचंय अशी थाप मारली आणि तिच्याकडून डब्याचा फोटो मागवून घेतला. द्वारकाबाईनं एक सोडून चार पाठवले. मग आवडाबाईनं पाटी शेजारणीच्या हवाली केली, बस धरली आणि शहरातलं शहागंज गाठलं.

शहागंजात मुजीबभाईचं घड्याळाचं दुकान आहे, एक माणूस बसेल एवढं.

"क्या होना, अम्मा?"

"हे कुठलं मॉडेल हाय ते सांगा. आणि ह्या फोटूतल्यापेक्षा हलकं का भारी ते सांगा. खरं सांगा, मला वाईट वाटंल म्हणून खोटं बोलू नका."

मुजीबभाईनं घड्याळ उलटं केलं आणि बघतच राहिला. "अम्मा, इसकू हळदकुंकू लगाए क्या?"

"मग? नवी वस्तू बिनपूजेची घालत्यात व्हय?"

"अरे अम्मा, ये पीछे की काच है ना, इसीसे ये ठोके देखती. तुम तो इसकी आंखां बंद कर दिए!" मुजीबभाई पोट धरून हसला. आवडाबाईनं घड्याळ आधी कपाळाला लावलं, मगच त्याला पुसू दिलं. ओल्या फडक्यानं कुंकू निघालं, आणि काचेच्या कडेला बारीक अक्षरांत कोरलेला नंबर वर आला. त्यानं तो मोबाईलमध्ये घातला, फोटोतला नंबरही घातला, आणि मान हलवली.

"तुमारीच भारी है अम्मा. वो सिल्लोडवाली दिखने में अच्छी, मगर तुमारी के सामने कुछ भी नहीं."

"परत एकदा म्हणा."

तो परत म्हणाला. आवडाबाईनं घड्याळ मनगटावर बांधलं. चौऱ्याहत्तर! ठोके दिसले! तिला तिथंच फुगडी घालावीशी वाटली. जिंकलं पोरानं! आईला भारी दिलं, सासूला दिखाऊ दिलं. आता सिल्लोडला फोन कसा लावायचा, सुरुवात कशी करायची, सगळं तिच्या मनात तयार झालं.

"खात्री के वास्ते अंदर का भी देख लेते," म्हणून मुजीबभाईनं घड्याळाच्या पडद्यावर दोनतीनदा बोट सरकवलं. "हां, नंबर वोहीच है. पर नयी नहीं अम्मा ये, दो साल चली हुई है. नाम भी है इसमें. राजनंदिनी कौन?"

आवडाबाई दुकानाच्या पायरीवर आली. सिल्लोडला लावायचा फोन तिनं सुनेला लावला.

"राजनंदिनी, हे घड्याळ तुझं हाय?"

"व्हय, आई. रागावू नका. तुम्हाला श्रावणात चक्कर आली होती, ह्यांना सांगू नको म्हणला होतात. माझ्या घड्याळात ठोका चुकला की लगेच इशारा येतो. सिल्लोडच्या आईच्या घड्याळात ते नाही, म्हणून तुम्हाला माझं दिलं."

"आणि सत्यम? त्यानं मला काय घेतलं होतं?"

"त्यांना ऑफिसची लई गडबड होती, आई. सिल्लोडच्या आईचं घड्याळ पण मीच मागं लागले म्हणून आणलं त्यांनी. तुमचं... राहून गेलं."

रस्त्यावर एक हातगाडीवाला बाजूला व्हा म्हणून ओरडत होता. आवडाबाई बाजूला झाली.

"मग आता तुझ्या हातात काय हाय?"

"काही नाही. मोबाईलात बघते की वेळ."

फोन ठेवला तरी आवडाबाई तिथंच उभी राहिली. सोनेरी पट्टा, डबा, याच सालातलं मॉडेल, सगळं तिच्या मनातून उतरलं होतं. द्वारकाबाईचा हेवा मात्र आता कुठं खरा वाटायला लागला. त्या बाईच्या पोटी अशी लेक होती.