उपवासाच्या दिवशी गोळी

वारज्याच्या पूर्णिमाबाई कुदळे यांना कुणी "कशा आहात?" असं विचारलं, की त्या आपली दहाही वाकडी बोटं पुढे धरतात. विचारणाऱ्याची हौस तिथेच फिटते.

चौतिसाव्या वर्षी आमवाताने गाठलं, तेव्हा त्या बुधवार पेठेतल्या एका शाळेत गणित शिकवत होत्या. हातात खडू धरवेना, मग शाळा सुटली. पुढच्या सहा वर्षांत पाच डॉक्टर, तीन वैद्य आणि एक अंगारेवाला झाला. एकाने काय दिलं ते दुसऱ्याला माहीत नाही, आणि पेशंटला तर कुणी काही सांगायच्या भानगडीतच पडत नाही! शेवटी कर्वे रस्त्यावर डॉ. सुदर्शन नगरकरांच्या सांधेदुखीच्या दवाखान्यात त्या आल्या आणि पुन्हा आपल्या पायांवर उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी त्यांना तिथेच कामाला ठेवून घेतलं. पेशंटला रोग समजावून सांगायचा, व्यायामाच्या ताईंकडे धाडायचं, रक्ताचे रिपोर्ट वेळेवर मागवायचे, हे त्यांचं काम. प्रत्येक पेशंटला एक लाल वही द्यायची आणि जो डॉक्टर तपासेल त्याने तिच्यातच लिहायचं, ही कल्पनाही त्यांचीच. पेशंटच्या गल्लीतल्या डॉक्टरचं नाव आणि फोन पहिल्या पानावर, आणि त्या पानाची एक प्रत बाईंच्या कपाटात.

या रोगाची मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तीच रोज घेतली, तर शरीरात नवं रक्त तयार व्हायचं थांबतं आणि माणूस जातो. पेशंटच्या दर शनिवारच्या वर्गात बाई हे तीनतीनदा सांगत.

वाघोलीच्या गोदाबाई सातव पहिल्यांदा वर्गाला आल्या आणि म्हणाल्या, "बाई, आमाला वार ध्यानात ऱ्हात न्हाय. म्हशीला काय सोमवार आन् काय शुक्रवार!"

वर्ग हसला. बाईंनी विचारलं, "उपवास कधी धरता?"

"मंगळवारी. देवीचा."

"तो विसरता कधी?"

"त्यो कसा इसरंल?"

"मग झालं तर. उपवासाच्या दिवशी गोळी. पाठ करून टाका."

गोदाबाईंनी पाठ करून टाकलं. डॉक्टरांनीही बाईंची पाठ थोपटली. मग ही युक्ती बाईंनी अनेकांना दिली, आणि दर वेळी स्वतःवर थोड्या खूश झाल्या. आपल्या हुशारीची परीक्षा आपण कधी घेत नाही, दुसऱ्यांच्या मात्र वह्या तपासत बसतो.

नवरात्रातली सहावी माळ होती. सकाळी अकराला गोदाबाईंची सून शेफाली हिचा फोन आला. ती खराडीच्या एका कंपनीत आहे. मीटिंगच्या मधल्या पाच मिनिटांत बोलत होती.

"मॅडम, एक क्विक विचारायचं होतं. आईंचं तोंड आलंय, आतून सगळं सोललंय. उपवासाचं असं काय देऊ, जे झोंबणार नाही?"

"राजगिऱ्याची खीर द्या. नाहीतर उपवास सोडायला सांगा. देवी काही नोटीस पाठवत नाही."

"ऐकतात का त्या! पाणीपण गिळवत नाहीये. आणि काल रात्रीपासून ताप आहे."

पूर्णिमाबाईंचं पेन थांबलं. तोंड सोलणं आणि ताप, ही जोडी त्यांनी स्वतःच फळ्यावर लाल खडूने लिहिलेली होती.

"शेफाली, आठवड्याची गोळी त्यांनी शेवटची कधी घेतली?"

"आज सकाळी. मीच दिली ना."

"आज मंगळवार नाही."

"हो, पण नवरात्र आहे ना मॅडम. नऊ दिवस उपवास. रोज देतेय, एक दिवस चुकवला नाही. तुम्हीच सांगितलेलं ना, उपवासाच्या दिवशी गोळी?"

बाईंनी हिशेब केला. सहा आठवड्यांचं औषध त्या म्हातारीच्या पोटात सहा दिवसांत गेलं होतं, तेही उपाशीपोटी.

"आई कुठे आहेत आत्ता?"

"घराजवळच्या डॉक्टरकडे गेल्यात, ताप आणि अंगदुखीचं इंजेक्शन घ्यायला. का? मॅडम, काय झालं?"

"ताबडतोब घरी निघा. सांगते मागाहून."

अंगदुखीचं ते इंजेक्शन आत्ता मूत्रपिंडावर घाव घालणार, आणि मूत्रपिंड थकलं की गोळीचं विष शरीराबाहेर जाणार नाही. गोदाबाईंचा मोबाईल वाजत राहिला. तो नेहमीप्रमाणे घरी चुलीपाशी असणार. बाईंनी कपाट उघडलं, वाघोलीचा गठ्ठा काढला, पान सापडलं. त्यांची बोटं घाईला कधीच साथ देत नाहीत. नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा कंपाउंडरने उचलला.

"गोदाबाई सातव आल्यात का?"

"आजी ना? हायेत की, आतच हायेत. इंजेक्शन भरतोय."

"थांबवा! देऊ नका! डॉक्टरांना फोन द्या!"

डॉक्टर फोनवर आले ते चिडूनच. "कोण आपण? डॉक्टर आहात का?"

"नाही. पेशंट आहे. अठरा वर्षं तीच गोळी खातेय, म्हणून सांगते. ती आठवड्याची गोळी आजींनी सहा दिवस रोज घेतलीय. सुई लावली असेल तर काढा."

 मग डॉक्टरांचा आवाज अगदी वेगळा आला. "तोंड उघडा बघू, आजी... अरे बापरे. मॅडम, नगरकर सरांना द्या फोन."

पूर्णिमाबाई दार न वाजवताच तपासणीच्या खोलीत शिरल्या. पुढच्या दहा मिनिटांत दोन डॉक्टरांनी सगळं ठरवलं: वाघोलीहून अँब्युलन्स, रुग्णालयात वेगळी खोली, आणि या गोळीवरचं उताऱ्याचं इंजेक्शन पोचल्या पोचल्या. बाई रिक्षाने निघाल्या. वाटेत प्रत्येक सिग्नलला त्या मनात आपलंच ते एक वाक्य म्हणत होत्या, आणि ते देवीचं स्तोत्र नव्हतं.

संध्याकाळी रिपोर्ट आला. चार हजारांच्या वर हव्यात त्या पांढऱ्या पेशी नऊशेवर आल्या होत्या. साधी सर्दी झाली तरी जीव जाईल, असं नगरकर म्हणाले. पुढचे आठ दिवस काही सांगता येणार नव्हतं.

बाहेर बाकड्यापाशी गोदाबाईंचा मुलगा पियुष शेफालीवर ओरडत होता. "एवढी शिकलीस, आणि एक गोळी बघता आली नाही तुला?" शेफाली खाली मान घालून रडत होती. शेजारून जाणारे रुग्णालयातले एक तरुण डॉक्टर म्हणाले, "अहो, म्हाताऱ्या बायका काहीतरी ऐकतात, काहीतरी करतात."

बाईंना कुणी काहीच विचारलेलं नव्हतं. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं; ते वाक्य वर्गातल्या हशात कधीच विरून गेलेलं होतं, आणि कागदावर ते कुठेही नव्हतं. बोललं तर शनिवारी वर्गात त्यांच्यासमोर कोण बसणार? एवढं एक काम उरलं होतं त्यांना या हातांनी करण्यासारखं. भीती वाटली, चांगलीच वाटली.

"पियुष, तिला बोलू नका," त्या म्हणाल्या. "आईंनी बरोबर ऐकलं आणि सुनेने बरोबर दिलं. 'उपवासाच्या दिवशी गोळी' हे माझे शब्द. नवरात्र नऊ दिवसांचं असतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, घरी घट मीही बसवते. सांगताना डोक्यात आलं नाही."

पियुष त्यांच्याकडे वळला. "आईला काही झालं ना मॅडम, तर मी तुम्हाला सोडणार नाही."

"नका सोडू."

ती रात्र सरायच्या आत बाईंनी ती युक्ती दिलेल्या अडतीस जणांना एकेक करून फोन केले आणि प्रत्येकाला आपली चूक सांगितली. कात्रजच्या एका गृहस्थांनी दोन दिवस लागोपाठ घेतली होती. त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी तपासायला बोलावलं, ते सुखरूप निघाले. बाकीचे वाचले ते नवरात्राचे उपवास धरत नव्हते म्हणून, किंवा देवापेक्षा डॉक्टरला जास्त घाबरत होते म्हणून. बाईंची त्यात काही पुण्याई नव्हती.

मग रोज रुग्णालय. काचेपलीकडे गोदाबाई, नाकाला मास्क, ओठांवर खपल्या. पेशी नऊशेच्या सातशे झाल्या, तेव्हा पियुष बाईंशी बोलेनासा झाला. दोन दिवस आकडा तिथेच अडला. मग अकराशे. मग दोन हजार. दसरा होऊन तीन दिवस गेले आणि नगरकरांनी बाईंना आत जाऊ दिलं.

"सोनं घ्या, बाई," गोदाबाई म्हणाल्या. उशीखाली कुणीतरी आणून दिलेली आपट्याची दोन पानं होती. "माजं तीन उपास बुडालं की."

पूर्णिमाबाईंनी सगळं सांगितलं. चूक कुणाची, तेही. गोदाबाई ऐकत राहिल्या. मग बाईंनी गोदाबाईंची लाल वही उघडली. आज त्यांना नुसतं सांगून उठायचं नव्हतं.

"डॉक्टर गोळी परत सुरू करतील तेव्हा काय करायचं, ते आता तुम्ही मला सांगा. तुमच्या शब्दांत."

"मंगळवारीच घ्यायची. नवरातात बी मंगळवारीच."

"छान. आणि मंगळवारी उपवास नसेल तर?"

गोदाबाईंना प्रश्नच कळला नाही. "उपासच न्हाय, तर गोळी कशी घ्यायची? येशाखात आमचं दीर गेलं. सुतकात उपास न्हाय. मग मला पडसं झालं, शेफालीनं उपास धरू दिला न्हाय. पाच मंगळवार तसंच गेलं."

वैशाख. वहीत वैशाखातली नोंद होती, बाईंच्याच अक्षरात: 'बोटं सुजली. व्यायाम करत नाहीत. रागावले.'

"तेव्हा मी तुम्हाला सगळ्या वर्गासमोर बोलले होते."

"व्हय."

"तुम्ही व्यायाम करत होता का?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ."

"मग बोलला का नाहीत, गोदाबाई?"

गोदाबाईंच्या आवाजात तक्रार नव्हती. "तुमी सांगत व्हता, बाई. इचारलं कुटं व्हतं?"

पूर्णिमाबाईंनी वही मिटून बाजूला ठेवली आणि स्टूल पलंगाजवळ ओढलं.

"आता विचारते," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगा."